पाटीखालचा गिटारवाला

मार्च १९७९, पहिला रविवार. जत्रांचा हंगाम तोंडावर आला म्हणून गोदामातल्या ट्यूबलाइटच्या चौकटी उतरवून तपासायला घेतल्या. चालू नळ्या एकीकडे, गेलेल्या दुसरीकडे. चौकटींमागे गिटारची काळी पेटी भिंतीला टेकलेली दिसली, आणि ती वाजवणाऱ्याचे वर केलेले एक बोट आठवले.

वाजवायला सुरुवात करण्याआधी तो डाव्या हाताचे बोट वर करायचा. "थांबा वैनी, आत काय म्हणतंय बघू." मग गिटारच्या लाकडाला कान लावून एकच तार छेडायचा. ऑर्केस्ट्राचे मालक खोळंबलेले असोत की चहा गार होत असो, ती तार पूर्ण विरेपर्यंत बोट खाली येत नसे. मला राग यायचा. साताऱ्यात माझा मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा. मिस्टर गेल्यापासून मीच बघते. एका तारेसाठी थांबायला मला सवड नसते.

तो विट्याकडचा. सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात गिटारवर होता आणि त्या ऑर्केस्ट्राला स्पीकर माझे असत. त्याच्या घरचे पुरुष गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोने गाळून शुद्ध करायच्या दुकानांत, देशभर पांगलेले. मामा कलकत्त्याला. जुनी गिटार त्यानेच आणून दिली होती. मधे भरीव लाकूड, दोन्ही बगला पोकळ. देताना बजावले होते, "ह्याच्यावर पोट भरलं तर भरलं. न्हाईतर गुमान भट्टीवर यायचं."

ऑर्केस्ट्राचे मालक अकॉर्डियन वाजवत. एके दिवशी त्यांनी माझ्यासमोरच त्याला सुनावले, "सिनेमाच्या गाण्यास्नी जाड आवाज पायजे, पातळ बी पायजे. तुझं डबडं नुसतं घोगरं बोलतंय. जत्रंपतूर काय ते बघ रं, न्हाईतर मी दुसरा गडी बघतो."

गिटारच्या तारांखाली चुंबकाची डबी असते, तिला पिकअप म्हणतात. त्याच्या गिटारीतल्या डब्यांत तांब्याच्या बारीक तारेची दोन-दोन वेटोळी होती. दोन वेटोळी जोडीने चालली की आवाज जाड येतो आणि विजेची गुणगुण आपोआप मरते. त्याच्या डब्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्या दिवाळीला मामा येताना डब्यांच्या दोन जोड्या घेऊन आला. एक ठेवायची, एक परत न्यायची. पहिली जोडी नुसती दणदणीत. दुसरी जरा हळू, पण कलकत्त्याच्या कारागिराने तिच्या प्रत्येक डबीतून चार-चार तारा बाहेर काढल्या होत्या. एक बटण ओढले की एक वेटोळे बंद आणि आवाज पातळ.

दोन्ही जोड्या त्याने माझ्या गोदामात, माझ्याच स्पीकरवर लावून बघितल्या. मी म्हटले, "दणदणीत घे. जत्रेत लोक भजी खात ऐकतात."

"आवं, खाताना कान झाकत्यात व्हय?"

त्याने चार तारांची जोडी ठेवली. बटण ओढून तार छेडली तेव्हा आवाज घासून उपड्या घातलेल्या तांब्यासारखा लख्ख निघाला. बोट किती तरी वेळ वरच राहिले. डोक्यावर पिवळा बल्ब होता. आजूबाजूला ट्यूबच्या चौकटी रचलेल्या होत्या, पण विझलेल्या.

लोणंदच्या बाजूच्या एका गावची जत्रा. तुम्ही अशा जत्रा पाहिल्या असतील, तर देवाच्या नावापेक्षा जत्रा कमिटीच्या अध्यक्षांचे नाव मोठे असते हे तुम्हाला सांगायला नको. स्टेजवर पांढऱ्या कापडाची पाटी, त्यावर अध्यक्षांचे नाव, मागे आठ ट्यूब. पाटी माझ्याकडचीच. ती नेमकी त्याच्या डोक्यावर आली.

जाड आवाजाची गाणी छान गेली. मग मालकांनी चिमटीने खूण केली, पातळ. त्याने बटण ओढले, जोडीतले एक वेटोळे बंद झाले आणि ट्यूबची गुणगुण गिटारीत शिरली. स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज सगळ्या माळावर गेला. शिट्ट्या सुरू झाल्या. "माशी शिरली रं पेटीत," कोणीतरी ओरडले. "फ्लिट मारा."

तो मालकांकडे वाकला. "चार मिन्टं पाटी बंद करू."

"अध्यक्षांचं नाव विझवतोस? खुळा हायस का?"

त्याने एक बोट वर केले. मग मागे जाऊन पाटीचा प्लग उपटला.

ते गाणे मी ऐकले आहे. भज्यांच्या गाड्यापर्यंत लोक गप्प होते. मी हिशेबी बाई आहे, उगाच कौतुक करत नाही. माझ्या स्पीकरमधून तसा आवाज पुन्हा आला नाही.

गाणे संपले. टाळ्या पडायच्या आत पुढच्या कोचावरून अध्यक्ष म्हणाले, "माझं नाव कुणी घालवलं?"

मालकांनी त्याला मानेला धरून माइकपुढे आणले. "चुकी झाली," तो म्हणाला. तेवढ्याने भागले नाही, खाली उतरून पाया पडायला लावले. पाटी पुन्हा लागली तेव्हा टाळ्या पडल्या, त्या पाटीला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर नाव कसे विझले हीच चर्चा. गाण्याचे कोणी बोलले नाही. मालकांनी दुसरा गडी घेतला. याने गिटार माझ्या गोदामात ठेवली आणि मामाबरोबर भट्टीवर गेला.

तीन वर्षांनी, गेल्या दिवाळीत आला होता. गलाईत तेजाब, म्हणजे ॲसिड, लागते. बोटांची टोके पिवळी आणि टणक झाली होती. मी गिटार काढून दिली. त्याने कान लावला, बोट वर केले, तार दाबली. तार घसरली. पुन्हा दाबली.

"वैनी, तार बोटाला लागतच न्हाई."

"सवय गेली असेल."

"न्हाई वो. बोटंच गेली." गिटार त्याने स्वतःच पेटीत ठेवली, कड्या लावल्या. "द्या कुणाला तरी."

कोणाला देणार? साताऱ्यात चार तारांच्या डबीची चौकशी करणारा मला अजून भेटलेला नाही.

सोमवारी सकाळी त्याच गावची ऑर्डर होती. अध्यक्ष तेच, पाटीही तीच. तिकडचा रस्ता खडबडीत, दरवर्षी नळ्या फुटतात. मी गिटार काढून खुंटीला टांगली. पाटीच्या नळ्या दोन फुटी, पेटीत बरोबर मावल्या. आतल्या मखमलीवर आठही आडव्या लावल्या, कड्या लावल्या आणि पेटी टेम्पोत चढवली. यंदा एकही फुटली नाही.