दामूचे शब्द, माझं नाव

दामू गेल्याचं त्याच्या मुलीने फोनवर कळवलं, तेव्हा माझा टेनिसवरचा लेख अर्धा झाला होता. महिना उलटला, तो अर्धाच आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एका इंग्रजी साप्ताहिकात टेनिसवर लिहू लागलो. दामू माझा जुना मित्र, भिवंडीजवळच्या दापोडे गावचा, जन्मभर भिवंडीत कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा. मागांच्या खडखडाटाने त्याचे कान गेलेले, त्यामुळे माझ्या घरी टीव्हीवर सामना बघताना समालोचन त्याच्यापर्यंत पोचतच नसे. डोळ्यांना दिसेल तेवढंच तो बोलायचा. एकदा एका खेळाडूच्या वर्णनासाठी मी शब्दकोश घेऊन बसलो होतो. धीराचा या अर्थी ‘पेशंट’ फिका वाटत होता, ‘डिफेन्सिव्ह’ चुकीचा. दामू म्हणाला, “मास्तर, पुस्तकात काय शोधताव? ह्यो घाई करत न्हाय. समोरच्याचा धागा तुटंपर्यंत नुसता ताण देतो.” मी ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. संपादकांचा फोन आला, “सर, कुठून सुचतं हे?” दामू शेजारीच बसला होता. मी म्हणालो, “सुचतं असंच...”

“काय म्हनला तो?” दामूने विचारलं.

“लेख आवडला म्हणाला,” मी त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं.

“मंग चाय पाजा की! निस्ते हसताव काय?”

पुढे सात वर्षं मी त्याचीच वाक्यं लिहिली, नाव माझं. ठाण्याच्या एका क्लबाने खेळाच्या भाषेवर बोलायला बोलावलं, तेव्हा दामू इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. मी त्याचीच वाक्यं म्हणत होतो. त्याला ऐकू येत नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या की तोही वाजवायचा, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ.

त्याला मी कधीच सांगितलं नाही. आता इथे लिहितो आहे: त्या लेखांतलं जे लोकांना आवडलं, ते दामूचं होतं.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो आणि वहिनींनाही हे सगळं सांगितलं. टीव्हीवर सामना चालू होता. त्या पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, “ह्यो बघा, चेंडू यायच्या आधीच मागं सरकतोय. हरलाय मनात.”

मी खिशातलं पेन काढलं आणि थांबलो. “वहिनी, हे लिहू का? तुमचं नाव घालून?”

“माझं कशाला?” त्या म्हणाल्या. “त्यांचं घाला. बघायला त्यांनीच शिकवलं.”