सहा लेखकांचे आडनाव

ग्रंथालयात पुस्तकांची कार्डे लिहिणाऱ्या बाईंना सारे जण कार्डताई म्हणत. सव्वीस वर्षे त्यांनी हेच काम केले. लग्नाने मिळालेले त्यांचे आडनाव सहा लेखकांचेही होते. नाते मात्र एकाशीही नव्हते. नवरा थट्टा करी, "घराण्यात सहा लेखक, आणि किराण्याची यादीसुद्धा तुलाच लिहावी लागते!"

त्या सोमवारी वरच्या कार्यालयातून एका ओळीचा आदेश आला: या आडनावाच्या लेखकाची पुस्तके चारच्या आत काढून पाठवावीत. पहिले नाव नव्हते. आदेश देणाऱ्याला असा लेखक एकच ठाऊक असावा. सहांपैकी कादंबरीकाराला मागच्या आठवड्यात घरातून पकडून नेले होते. हे सर्वांना माहीत होते, म्हणूनच कुणी बोलत नव्हते.

ग्रंथपालांनी दार लोटले. "सहाही काढा, ताई. नसती भानगड नको."

"अहो साहेब, एक जण मुलांची गाणी लिहिणारे. एक तर दातांचे डॉक्टर!"

"मग फोन करून विचारा. मी नाही बुवा विचारणार."

भीती आज्ञेपेक्षा अधिक काम करून घेते. आदेश एकाचा होता; तीनच्या सुमारास सहाही जणांची पुस्तके ढकलगाडीत होती. गाण्यांच्या पुस्तकाचे कोपरे मुलांच्या हातांनी झिजले होते. ते गाडीत ठेवताना कार्डताई थबकल्या. मग त्यांनी फोन उचलला.

"कोणता लेखक म्हणजे?" पलीकडचा कारकून वैतागला. "कोण बोलतंय?"

"ग्रंथालयातून बोलतेय."

"नाव सांगा हो. विचारणाऱ्याचं नाव लिहावं लागतं."

काचेपलीकडून ग्रंथपाल खुणावत होते: ठेवा, ठेवा. अजून फोन ठेवता आला असता. कार्डताईंनी आपले नाव सांगितले. मग आडनावही सांगितले.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"त्याच्या कोण लागता तुम्ही?"

"कुणीच नाही."

"सगळे असंच म्हणतात. कादंबरीवाला हवाय, बाकीचे राहू द्या. आता घरचा पत्ता सांगा."

त्यांनी पत्ता सांगितला. मग पाच जणांची पुस्तके एकेक करून कपाटात परत लावली. त्याला तासभर लागला. सहाव्याची गाडीतच राहिली. त्याच्याविषयी विचारण्याइतके धैर्य त्यांच्यापाशी उरले नव्हते.