ओट्यावरचं वाक्य

हे मी कुसुमलासुद्धा सांगितलेलं नाही. कुसुम म्हणजे माझी बायको. आणि ज्याच्याबद्दल सांगतोय तो मधुकर—तिचा धाकटा भाऊ. तिला सोडून आधी तुम्हाला सांगतोय, यातच माझी हिंमत केवढी ते ओळखा.

मी सौंसरला मराठीचा मास्तर. दोन माणसं जमली की माझा घसा आपोआप खाकरायचा. बारशाला गोष्ट, लग्नाला मंगलाष्टक, मयतीला दोन शब्द—सगळं माझ्याकडे. सासरचे अर्जही मीच लिहायचो. सासरे म्हणायचे, जावईबापू बोलले की पटते. पटायचं हो. तेच तर नडलं.

आपली फौज लंकेत गेली, त्यात मधुकर गेला. भांडण सोडवायला गेलेत, असं पेपरात होतं. मी चौकात त्या बातमीला फोडणी घातली—शेजाऱ्याचं घर पेटलं की बादली घेऊन धावतो तो आपला देश! टाळ्या पडल्या. मला टाळ्या फार लवकर पचतात.

अठ्ठ्याऐंशीच्या पोळ्याला तो सुटीवर घरी, रामाकोन्याला आला. दुसऱ्या दिवशी मी त्याला पांढुर्ण्याला गोटमार दाखवायला नेलं. नदीच्या दोन काठांवर दोन गावं, मधे पाण्यात रोवलेलं पळसाचं झाड, त्यावर झेंडा, आणि दोन्हीकडून दगड. मला वाटलं, फौजी माणूस, मजा येईल. काय अक्कल! झाडापाशी एक माणूस पोचला होता, डोकं हातांत धरून. मधुकर त्याच्याकडेच बघत होता.

"भाऊजी, आमी तिथं उभे आहो," तो म्हणाला. "झाडापाशी. दोन्हीकडून येऊन राहिले गोटे."

मग तो बोलतच गेला. पहिल्या आठवड्यात एका म्हातारीनं त्यांना शहाळी फोडून दिली होती. काही महिन्यांनी त्याच गल्लीत सुरुंग फुटला, सोबतचे दोघं गेले, आणि घाबरून यांनी गोळ्या चालवल्या. धूर बसला तेव्हा ती दारात पडलेली होती. कोणाची गोळी लागली? त्याला माहीत नव्हतं. ते शोधणंच त्याला जमत नव्हतं. आणि ज्यांच्याशी लढाई, त्यांना बंदूक धरायला आधी आपल्याच लोकांनी शिकवलं होतं, असं फौजेच्याच तंबूत बोलायचे. माझ्या बादलीच्या आधीची काडीपेटी—ती मला चौकात कुठून दिसणार?

"मले नाही जायचं आता. बाबांच्या तब्येतीचा अर्ज लिहा, फौजेतून नाव कटवून येतो. बाबांले तुमीच सांगा. माह्यानं नाही होत."

सासऱ्यांना दमा होताच. खोटं लिहायचीही गरज नव्हती. मी म्हटलं, सांगतो.

पण चार दिवसांवर शाळेत त्याचा सत्कार होता. ठरवला कोणी? मीच. भाषण पाठ झालं होतं. सत्कार होऊन जाऊ दे, मग सांगू, असं मी मनाशी म्हटलं. सत्कार झाला. मी पाऊण तास बोललो. म्हातारे डोळे पुसत होते, सासऱ्यांची छाती फुलली होती, आणि मधुकर गळ्यातल्या हाराकडे बघत बसला होता. त्या छातीसमोर आता अर्जाचं कसं काढायचं? काढलं असतं तर काय झालं असतं—म्हातारा दोन दिवस जेवला नसता. चौकात मला कोणी चिडवलं असतं. बस. एवढंच.

सुटी संपली. आमच्याकडच्या छोट्या रेल्वेगाडीच्या खिडकीतून त्यानं मला काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं. गाडी गेली.

दिवाळीनंतर तार आली.

सासऱ्यांनी रडण्याआधी मला विचारलं, "जावईबापू, जाताना तुमच्यापाशी काही बोलला का हो?"

आणि माझा घसा खाकरला गेला. बाबा, तो म्हणाला, तिकडे माझी गरज आहे, मी आनंदानं जातो.

मला वाटलं, त्यांच्यापुरतं असेल. पण गावानं चौकात ओटा बांधला. त्यावर ते वाक्य रंगवलं, खाली मधुकरचं नाव. दर पंधरा ऑगस्टला त्यावर नवा रंग चढतो, पोरं ते मोठ्यानं वाचतात. सासरे गेले ते तेच पुटपुटत. त्यानंतर गावातले तिघं फौजेत गेले. एकाच्या आईनं मला पेढे दिले—म्हणाली, गुरुजी, ओट्यावरचं वाचूनच गेला पोरगा. मी पेढा खाल्ला. कुसुम भावाचं बोलणं म्हणून नातवंडांना तेच सांगते, आणि मी शेजारी मान हलवत बसतो.

आमच्या मधुकरनं जन्मात कधी 'आनंदानं' म्हटलं नाही. तो माझा शब्द.

खिडकीतून त्यानं विचारलं होतं, "भाऊजी, अर्ज लिहिला?"

मी म्हणालो होतो—हो, पाठवला.