अक्कांची चौथी कुत्री

अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, नात्याने माझी आकडसासू. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या मला अजून 'पाहुणे'च म्हणतात. पाहुणे, चहा घेणार का? पाहुणे, जरा हे पिल्लू धरा. धरलं की पिल्लू अंगावर मुततं आणि अक्का म्हणतात, धुतलं की निघतं. आमचं नातं साधारण एवढंच.

अक्का कुत्री पाळत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण कुत्री पाळणाऱ्यांवर त्यांचा राग आहे. पाळणारे लोक कुत्र्याला स्वेटर घालतात आणि त्याच्याशी बोबडं बोलतात. अक्का कुत्र्यांची पैदास करतात आणि पिल्लं विकतात. यजमान गेले तेव्हा त्यांच्या पदरात एक मुलगी, एक शिलाई मशीन आणि एक लॅब्रडॉर कुत्री होती. शिलाईला गिऱ्हाईक नव्हतं आणि कुत्री गाभण होती. पुढचं सगळं आपोआप ठरलं. त्या कुत्रीच्या लेकीबाळींच्या जिवावर अक्कांची मुलगी शिकून औषधांच्या कंपनीत लागली, घराला वरचा मजला चढला आणि अक्कांचे गुडघे गेले.

घरात शिरलं की आधी फिनेल भेटतं, मग अक्का. मागची खोली बाळंतिणीची. कमरेपर्यंत फरशा, कोपऱ्यात लाकडी खोका, वर टांगलेला दिवा, बाजूला स्वयंपाकघरातून कायमचा इकडे आलेला तराजू. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर, म्हणजे कोण प्यायलं आणि कोण नुसतंच लोळलं ते कळतं. एकदा एक पिल्लू निपचित जन्मलं. अक्कांनी ते टॉवेलात घेऊन घासलं, नाकात फुंकर मारली, पुन्हा घासलं. मी म्हणालो, "गेलं, अक्का." त्या म्हणाल्या, "पाहुणे, गप्प बसा." थोड्या वेळाने ते किंचाळलं. अक्कांनी त्याला तराजूत ठेवलं आणि म्हणाल्या, "हलकं आहे. याला उशिरा गिऱ्हाईक मिळेल."

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि पालिकेने नियम काढला.

विक्रीसाठी कुत्री-मांजरं वाढवणाऱ्यांनी परवाना घ्यायचा आणि कर भरायचा. तीन माद्यांपर्यंत घरगुती व्यवसाय, कर नावापुरता. चौथी मादी असली की तो कारखाना. मग वेगळी शेड, वेगळं गटार, पगारी डॉक्टर, आणि कर असा की अक्कांनी चष्मा पुसून आकडा परत वाचला. शिवाय एका मादीची चार वेतं झाली की तिला सुट्टी द्यायची, पुन्हा गाभण राहू द्यायची नाही.

"चार बाळंतपणं झाली की सुट्टी?" अक्का कडाडल्या. "आपल्या आईला सात झाली. तिला विचारलं का कोणी?"

"विचारायला हवं होतं," माझी बायको म्हणाली.

पंचाईत अशी की अक्कांकडे माद्या चार होत्या. त्यातली एक अजून पोर होती. दुसरी स्वतःच्याच पिल्लांवर बसायची. तिसरीला कोणताच नर पसंत पडत नव्हता. एकाला तर तिने चावून हाकललं. चौथी मास्तरीण. वर्गात उशिरा आलेल्याकडे बघावं तसं ती सगळ्यांकडे बघायची, म्हणून हे नाव. सगळा धंदा उभा होता तो मास्तरणीवर. पण नियमाप्रमाणे ती चौथीही होती आणि चार वेतांच्या केव्हाच पुढे गेलेली होती. म्हणजे दोन्हीकडून अडकलेली.

"आठ दिवस तुमच्याकडे ठेवते," अक्का म्हणाल्या. "तपासणी झाली की नेते. अजून दोन वेतं निघाली की धाकटी हाताशी येईल. मास्तरीण गेली तर माझं दुकान बंद, पाहुणे. या गुडघ्यांनी आता दुसरं काही होणार नाही."

मी स्पष्ट शब्दांत नाही म्हणालो. संध्याकाळी मास्तरीण आमच्या घरी आली.

तपासणीच्या दिवशी मी अक्कांकडे होतो. मी लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे नात्यातल्या सगळ्यांची बटणं आणि होल्डर बदलायचं काम माझ्याकडे असतं. तपासनीस बाई आल्या, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून. त्यांनी खोका पाहिला, दिवा पाहिला, तराजू पाहिला, स्वच्छतेचं कौतुक केलं. मग भिंतीलगतच्या स्टीलच्या भांड्यांपाशी थांबल्या.

"कुत्र्या तीन, भांडी चार?"

अक्कांनी माझ्याकडे हात केला. "ते यांचं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टुलावर उभा, हातात स्क्रूड्रायव्हर.

"मी येतो अधूनमधून," मी म्हणालो.

"जेवायला?"

"थोडंसंच खातो."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे, पण जाताना त्या माझ्याशी फार हळू आवाजात बोलल्या.

परवाना मिळाला. पण त्यावर शेवटी बारीक अक्षरात होतं की दुसरी तपासणी न कळवता होईल. त्यामुळे मास्तरणीला परत नेता येईना. तिच्यासाठी ठरवलेला नरही त्या गडबडीत राहिला आणि तिचा माज तसाच निघून गेला. आठ दिवसांचे महिने झाले.

आमच्याकडे आल्यावर मास्तरणीला काय करावं ते समजेना. जन्मभर ती मागच्या खोलीत राहिलेली. पहिले काही दिवस ती आमच्या न्हाणीघरात बसून होती, बहुधा घरात फरशा आणि गटार असलेली तेवढी एकच खोली तिला ओळखीची वाटली. आम्हाला आंघोळीला तिची परवानगी काढावी लागे. मग ती दारात आली, मग बाहेरच्या खोलीत, मग सोफ्यावर, आणि सोफ्यावरसुद्धा माझ्या जागी. मी म्हणायचो, "ऊठ." ती त्या नजरेने बघायची. मी खुर्चीवर बसायचो.

फिरायला जायचं असतं हेही तिला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा नेलं तर कोपऱ्यावर बसकण मारली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची हजेरी घेतली. पुढे पुढे मात्र मी कामावरून आलो की दाराशी उभी. मी शेजाऱ्यांना, लिफ्टमधल्या अनोळखी माणसांना, सगळ्यांना सांगत होतो की ही ब्याद कधी एकदा जाते असं झालंय. बायको म्हणाली, "लळा लागलाय तुम्हाला." मी म्हणालो, "मला? हॅट!" तेव्हा माझ्या हातात बिस्कीट होतं आणि त्यातलं अर्धं गेलेलं होतं.

शेवटी दुसरी तपासणी झाली आणि अक्कांचा फोन आला, रविवारी येते न्यायला. मी म्हणालो, "या की." फोन ठेवला आणि जेवलो नाही. आता सरळच सांगतो, मला ती जायला नको होती. पण अक्कांचं पोट तिच्यावर होतं आणि माझी काय, हौस.

त्याच आठवड्यात मास्तरणीची तऱ्हा बदलली. खाईना, सोफ्यामागे जमीन उकरत बसे. आचळं भरली, दूध आलं. मी घाबरून डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले, "पोटात काही नाही. माज निघून गेला की काहींना असं होतं. शरीराला वाटतं आपण व्यालो." आणि खरंच, घरी आल्यावर तिने माझे गुंडाळी केलेले मोजे, कामाचा एक हातमोजा आणि बायकोची लोकरीची टोपी सोफ्यामागे नेऊन ठेवली. त्यांना चाटायची, त्यांच्याभोवती वळसा घालून झोपायची. एक मोजा जरा बाजूला गेला तर नाकाने आत ओढायची.

रविवारी अक्का आल्या, हातात पट्टा. सोफ्यामागे डोकावून त्यांना सगळं क्षणात कळलं.

"खोटं बाळंतपण आहे. होतं असं. ते सगळं काढून टाका, दोन दिवसांत दूध आटतं."

अक्कांचा आवाज ऐकून मास्तरीण बाहेर आली. शेपूट हलवली, अक्कांचा हात चाटला, गुडघ्याला डोकं लावलं. मला, खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. सोफा माझा, बिस्किटं माझी, आणि प्रेम तिकडे. अक्का पट्टा घालायला खाली वाकल्या.

त्या वाकल्याबरोबर मास्तरीण मागे सरली. सोफ्यामागे गेली, टोपी तोंडात धरली आणि अक्कांना लांबून वळसा घालून न्हाणीघरात नेऊन ठेवली. परत आली. हातमोजा नेला. मग एक मोजा नेला, मग आणखी एक. गुरगुरली नाही, दात दाखवले नाहीत. येताजाता दर वेळी अक्कांकडे बघून शेपूट हलवत होती, आणि दर वेळी जरा जास्तच लांबून जात होती.

"तिला वाटतंय मी पिल्लं न्यायला आलेय," अक्का म्हणाल्या.

"मग न्यायलाच आलीयेस ना," बायको म्हणाली.

एक मोजा राहिला होता, नेमका त्यांच्या पायाशी पडलेला. मास्तरीण न्हाणीघराच्या दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. पुढे यायची, थांबायची, मागे जायची. तोंडातून बारीक आवाज निघत होता. ती नजर मास्तरणीची नव्हतीच. मी इतक्या दिवसांत तिला कोणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं.

अक्कांनी भिंतीला धरून गुडघे वाकवले. मोजा उचलला. मास्तरीण थरथरायला लागली.

अक्का तो मोजा दोन्ही हातांत धरून न्हाणीघराच्या दारापर्यंत गेल्या, पिल्लू धरतात तसा, खालून आधार देऊन. तिच्यासमोर ठेवला. "घे गं बाई. तुझाच आहे."

तिने तो उचलला आणि आत गेली. आम्ही तिघं बाहेर उभे होतो. आतून चाटण्याचा आवाज येत होता.

अक्कांनी पट्टा टेबलावर ठेवला. "राहू दे इथेच. फिरवायला लागेल."

"मग तुझं कसं?" बायकोने विचारलं.

"बघू."

चपला घालताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नुसतं म्हणाल्या, "पाहुणे, ते मोजे काढून घेऊ नका. दूध आटलं की ती आपणहून सोडेल. तेवढे दिवस मी तिला कधी दिले नाहीत."