मोठीमायचं खोटं नाव

दर्यापूरजवळच्या आमच्या गावात कोणी बाई गेली, की मोठीमायला बोलावणं यायचं. मोठीमाय म्हणजे माझी चुलती. ती प्रेताजवळ बसायची, गेलेलीला नावानं हाक मारायची आणि तिचं सारं आयुष्य रडत सांगायची. कुठून लग्न होऊन आली, कोणाच्या वावरात राबली, काय खायचं राहून गेलं. ती सुरू झाली की मग बाकीच्या बायांना रडू फुटायचं.

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, हे मी कुठंही सांगते. अमरावतीला मानववंशशास्त्रात एम.ए. केलं आणि पहिला शोधनिबंध या रडण्यावरच लिहायला घेतला.

तिचं बोलणं रेकॉर्ड करायला मोबाईल समोर ठेवला तेव्हा मोठीमायनं आधी विचारलं, “ह्याच्यात माहं नाव येईन काय व?”

“येईन ना.”

“पुरं लिहजो. नाहीतर लिहशीन, गावातली एक बुढी म्हणे.”

निबंध व्हायच्या आत ती गेली. तिच्या मयतीला बाया नुसत्या बसून राहिल्या. सुरुवात कोणी करावी, तेच कळेना.

माझ्या मार्गदर्शक सरांनी मसुदा वाचला. “माहितीदात्याचं खरं नाव देत नाहीत. टोपणनाव द्या, तळटीपेत तसं नमूद करा.”

अमरावतीला राजापेठेतल्या खोलीवर येऊन मी तिला गावातलंच एक साधं नाव दिलं. कॉम्प्युटरनं तिचं खरं नाव काढून ते एका झटक्यात सगळीकडे घातलं. वाचत गेले आणि एका पानावर थांबले. त्याच नावाच्या बाईसाठी मोठीमाय रडली होती. आता त्या पानावर ती स्वतःच्याच प्रेताजवळ बसून स्वतःलाच हाका मारत होती. घाईघाईनं ते मागं घेऊन दुसरं नाव दिलं. ते विहिरीत गेलेल्या बाईचं निघालं. तिसरं, बाळंतपणात गेलेलीचं. आमच्या गावात बायांची नावं असून असून किती? सुचेल त्या नावासाठी ती आधीच रडून गेली होती. मी पंखा बंद केला. खोलीत तिचा श्वास ऐकू येतो आहे असं वाटलं, म्हणून परत लावला.

सर म्हणाले, “मग शहरी नाव द्या. एवढं काय त्यात?”

“तिनं स्वतःचं टाकायला सांगितलं होतं, सर.”

“लेखी संमती आहे?”

“आवाज आहे.”

मोबाईल त्यांच्या टेबलावर ठेवला. ‘पुरं लिहजो’ त्यांनी पुन्हा एकदा लावून ऐकलं. मग निबंध जिथं छापायचा होता त्या अकोल्याच्या नियतकालिकाच्या संपादकांना त्यांनीच कळवलं. उत्तर आलं: चालेल, पण घरच्यांना विचारा आणि संमती आवाजात आहे हे तळटीपेत लिहा. घरचे हो म्हणाले.

या वेळी एका झटक्यात बदलून भागणार नव्हतं. त्या बाळंतिणीच्या जागीही मोठीमायच गेली असती. एकेक जागा वाचत गेले. जिथं रडणारी होती तिथं मोठीमायचं नाव घातलं, गेलेलीच्या नावाला हात लावला नाही.

शेवटी संदर्भसूची. तिथं आडनाव आधी, मग नाव, मग मुलाखतीचं साल. मोठीमायला जन्मात कोणी आडनावानं हाक मारली नव्हती. ती ओळ टाईप केली आणि उगाच मागं वळून दाराकडं पाहिलं.