साध्या लेन्सची भीती

शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या मोतीबिंदूसाठी डॉक्टरांनी साधी लेन्स सुचवली. भिंतीवरच्या दरपत्रकात तिच्याखालीच मावशींना तिप्पट किमतीची दिसली.

"स्वस्तातली टाकली आणि डोळा गेला तर? सोनं मोडू, पण महागडीच बसवा."

"माझ्या आईला साधीच बसवलीय," डॉक्टर म्हणाले. "महागडीने चष्मा थोडा कमी लागतो, इतकंच."

मावशींनी कशीबशी मान हलवली. पण पैशांपायी आपण डोळाच पणाला लावला, ही धास्ती काही जाईना. ऑपरेशननंतर पट्टी निघाली, तरी त्या डोळा घट्ट मिटूनच बसल्या.

"आई, उघड ना गं," लेक रडवेली झाली.

मावशींनी डोळा किलकिला केला आणि लेकीकडे बघतच राहिल्या.

"अगं बाई, तुझे केस कधी पिकले?"