रथसप्तमीची वाळू

दक्षिणेकडून नोकरीसाठी येणारी माणसे जानेवारीत परत जातात, असे माझ्या घरमालकीणबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले होते. अलास्कातल्या माणसाच्या लेखी दक्षिण म्हणजे उरलेली सगळी अमेरिका. मी तर नागपूरची. एकोणीस वर्षे तिथे गणित शिकवल्यावर, फेअरबँक्सपासून तासाभराच्या अंतरावरील एका लहान गावातल्या शाळेने मला वर्षभराच्या करारावर बोलावले होते. करार वाढवायचा की नाही, हे फेब्रुवारीच्या अखेरीस ठरणार होते.

बाईंनी सत्तरी ओलांडली होती. त्यांचे आणि माझे दार एकाच ओट्यावर उघडत असे, आणि ओट्यावरून खाली उतरायला पाच लाकडी पायऱ्या होत्या.

"थंडीला घाबरून जातात का?" मी विचारले होते.

"थंडी कोणालाच घालवत नाही," त्या म्हणाल्या. "मधूनच ऊब येते, ती घालवते."

हे वाक्य मी तेव्हा विनोदात जमा केले. थंडीला मात्र मी अभ्यासक्रमासारखी सामोरी गेले. कपडे कोणत्या क्रमाने चढवायचे, गाडीच्या इंजिनाला विजेची तार लावून ते रात्रभर उबदार कसे ठेवायचे, श्वास लोकरीआडून कसा घ्यायचा, हे सगळे मी पाढ्यांसारखे पाठ केले. रोज सकाळी सात वाजता खिडकीबाहेरचे तापमान वहीत लिहू लागले. उणे तीस अंशांच्या थंडीला नियम असतात, आणि नियम असलेल्या गोष्टीची मला भीती वाटत नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, एका गुरुवारी, वहीत उणे चौतीस लिहिले. शुक्रवारी दुपारी डोंगरापलीकडून कोरडा, उबदार वारा सुटला. शनिवारी सकाळी वहीत आकडा आला अधिक चार. दोन दिवसांत अडतीस अंश. वळचणीतून पाणी ठिबकत होते आणि रस्त्यावरचा बर्फ भिजवलेल्या पोह्यांसारखा झाला होता. त्या दिवशी रथसप्तमी होती.

आता जे सांगायचे, ती चूक आपल्याकडच्याच बाईच्या हातून होऊ शकते. दहाच्या सुमारास सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला. मी दार उघडले आणि पायऱ्यांकडे पाहिले. ऑक्टोबरपासून साठलेली काजळी, सूचिपर्णी झाडांच्या सुया आणि सगळीकडे वाळू. सणाच्या दिवशी दारात असा कचरा पाहण्याची सवय मला नव्हती. मी पायऱ्या झाडल्या, वाळूचा कण न कण खाली लोटला, आणि दोन बादल्या गरम पाणी ओतून त्या स्वच्छ धुतल्या. थोडक्यात, मी सडा घातला. मग नागपूरहून आणलेल्या डब्यातली रांगोळी काढून ओट्यावर सूर्याचा रथ रेखला, आत जाऊन दूध उतू घालवले, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मला हे घर माझे वाटले.

तीन वाजता वारा फिरला आणि थंडी परतली. मला ते कळले नाही, कारण मी सकाळचाच आकडा खरा धरून बसले होते. चार वाजता कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थेट पाचवीखाली जाऊन पडले. उजवे मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

बाईंनी आपल्या दारातून डोकावून आधी माझ्याकडे आणि मग चकचकीत पायऱ्यांकडे पाहिले. त्या तशाच खाली उतरल्या नाहीत. बादलीतून वाळू घेत, पाय घसरू नये म्हणून ती एकेका पायरीवर टाकत, त्या माझ्यापर्यंत आल्या.

"इथली वाळू कुठे गेली?"

"मी धुतली."

"धुतली?"

"आमच्याकडे दारात रोज पाणी घालतात."

"रोज. आणि मग चालता कसे?"

"वाळते हो ते."

त्या हसल्या, आणि मीही कळवळत हसले. इस्पितळात नेताना, गाडी चालवता चालवता, त्यांनी सहज सांगितले की रोज चारच्या सुमारास टपाल आणायला त्या स्वतःच त्या पायऱ्या उतरतात. त्या सहज बोलल्या. मला मात्र मनगटापेक्षा तेच जास्त दुखले.

रविवारी टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, बस झालं यार आता. तू फ्रिस्कोला शिफ्ट हो. इथेही टीचर्स लागतातच. थंडी नाही, काही नाही."

"मागच्या वर्षी बोटभर बर्फ पडला, तर तुमच्या शाळा किती दिवस बंद होत्या?"

"तीन. पण तो पॉइंट नाहीये."

"तोच आहे. इथली शाळा उणे चाळिसालाही उघडी असते."

"आणि तू लिहिणार कशानं? हात प्लास्टरमध्ये आहे तुझा."

संध्याकाळी मुख्याध्यापिकांचाही फोन आला. सहा आठवडे बदली शिक्षक नेमता येईल, मी भावाकडे जाऊन विश्रांती घ्यावी, कराराचे नंतर बघू, असे त्या फार प्रेमाने म्हणाल्या. माझ्याआधीचे दोन शिक्षक असेच विश्रांतीला गेले होते आणि परत आले नव्हते, हे मला ठाऊक होते. प्रेमाने उघडलेले दारसुद्धा बाहेरच नेते. मी सांगितले, "सोमवारी पहिल्या तासाला मी वर्गात असेन."

सोमवारी मी डाव्या हाताने खडू धरला. माझे अक्षर पहिलीतल्या मुलासारखे आले. मागून कोणीतरी हसले. मी हसू दिले. मग फळ्यावर एक उभी संख्यारेषा काढली, खाली उणे चौतीस, वर अधिक चार, आणि विचारले, फरक किती. अर्ध्या वर्गाने तीस सांगितले. चारातून उणे चौतीस वजा करताना दोन उणे चिन्हांचे काय होते, ते आम्ही सावकाश पाहिले. अडतीस आल्यावर मी रेषेवरच्या शून्याभोवती एक वेडेवाकडे वर्तुळ काढले.

"खूप थंड बर्फ बुटाखाली खरखरीत लागतो," मी म्हणाले. "शून्याच्या आसपास मात्र त्यावर पाण्याचा पातळ थर येतो. माणूस पडतो तो इथे."

पुढच्या बाकावरच्या मुलीने माझ्या प्लास्टरकडे बोट दाखवून विचारले, "हे त्याचंच प्रात्यक्षिक का?"

"होय," मी म्हणाले. "आणि पुन्हा करून दाखवणार नाही."

सहाही आठवडे मी रजा घेतली नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही. फेब्रुवारीअखेर मुख्याध्यापिकांनी कराराचा कागद पुढे केला. डाव्या हाताने केलेली सही पाहून त्यांनी विचारले, ही तुमचीच ना? मी म्हटले, या राज्यातली माझी सही हीच.

पुढच्या वर्षीची रथसप्तमी उणे एकोणतीसची निघाली. सडा घालण्याचा प्रश्न नव्हता. पण दारात काही न काढता सण जाऊ देणे, म्हणजे त्या पाच पायऱ्यांपुढे हार मानणे होते. मी बाईंच्या बादलीतली वाळू घेतली. चिमटीतून ती रांगोळीइतकी बारीक पडत नाही. रेघ जाड येते, हातमोज्यातून तर आणखीच जाड. रथ ओट्यावर मावला. घोडे सात आणि पायऱ्या पाच, म्हणून खालच्या दोन पायऱ्यांवर दोन-दोन घोडे घ्यावे लागले.

चार वाजता बाई टपालासाठी बाहेर आल्या आणि पहिल्या पायरीवर थबकल्या.

"हे काय आहे?"

"सूर्याचा रथ. आणि हे त्याचे घोडे."

"मग यांच्यावर पाय कसा देऊ?"

नागपुरात रांगोळीवर कोणी पाय दिला असता तर मी त्याला रागावले असते.

"द्या," मी म्हणाले. "नीट, पूर्ण पाऊल टेकवून द्या."

त्या कठड्याला हात न लावता पाचही पायऱ्या उतरल्या.